परदेशी शाळेशी जोडणी आणि लोकशाहीचे धडे: नाशिकच्या शिक्षक-पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

नाशिक शहरातले आणि आसपासच्या तालुक्यांतले आम्ही काही शिक्षक गेली काही वर्षं आठवी-नववीचे वर्ग परदेशातल्या वर्गांशी जोडून देतोय. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, शिक्षक-कक्षात तेच ते प्रश्न येतात. ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत ते खाली दिलेत. उत्तरं माझी आहेत, गटातल्या सगळ्यांना पटतीलच असं नाही.

१. हे म्हणजे पूर्वीची पत्रमैत्रीच ना?

नाही. पत्रमैत्री "माझ्याकडे मांजर आहे, तुझ्याकडे काय?" इथपर्यंत जाते आणि तिसऱ्या पत्रात आटते. इथे दोन वर्ग मिळून एकच प्रश्न हातात घेतात: पाणी, कचरा, बाजारभाव, शाळेचे नियम, काहीही. पाच-सहा महिने तो दोन्ही गावांत तपासायचा. निर्णय कोण घेतं, कुणाला विचारून घेतं, पटला नाही तर दाद कुठे मागायची. महिन्याला एक-दोन व्हिडिओ कॉल, मधल्या काळात लेखी देवाणघेवाण. लेझीम, वारली चित्रं, पुरणपोळीची कृती हे सगळं पहिल्या कॉलपुरतं ठेवा. सहा महिने लेझीमच चाललं तरी काही बिघडत नाही, पण मग त्याला स्नेहसंमेलन म्हणावं.

२. लोकशाही शिकवायला परदेश कशाला? नागरिकशास्त्राचं पुस्तक आहे, कोपऱ्यावर ग्रामपंचायत आहे.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि रास्त प्रश्न. माझ्या वर्गात जे घडलं ते सांगते.

जर्मनीतल्या एका वर्गाशी पहिला कॉल होता. तिकडच्या एका मुलीने विचारलं, "तुमच्या वर्गाचा प्रतिनिधी कधी निवडून आला?" आमच्या मुलांनी माना वळवून मॉनिटरकडे पाहिलं. तो उठला आणि म्हणाला, "मला बाईंनी केलं." तुलाच का? "माझा आवाज मोठा आहे." पलीकडे हसू फुटलं. आमच्याकडेही हसले, पण जरा कमी. त्या बाई म्हणजे मीच. वीस वर्षं मी मॉनिटर नेमत आले होते आणि त्याच वर्गात "प्रौढ मताधिकार" हा धडाही शिकवत होते. दोन्हींचा काही संबंध असेल असं ना मला वाटलं होतं, ना कुठल्या मुलाला.

पुढच्या पत्रात त्यांनी विचारलं की तुमच्या वॉर्डातून महापालिकेत कोण आहे. मुलं घरी विचारून आली. एकाच वॉर्डासाठी चार नावं आली आणि चारही माजी. तोवर एकाही मुलाला माहीत नव्हतं की नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली आहे आणि शहराचा कारभार प्रशासक पाहतोय. ती निवडणूक पुढे साडेतीन वर्षांहून जास्त लांबली. पुस्तकात लिहिलंय, "महापालिकेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते." ते वाचून कुणी हात वर केला नव्हता.

ग्रामपंचायत कोपऱ्यावर आहेच, पण रोज दिसते म्हणून दिसत नाही. परक्याला समजावून सांगायची वेळ आली की आधी स्वतः जाऊन पाहावं लागतं.

३. कोणत्या इयत्ता घ्याव्यात? दहावीला चालेल का?

आठवी आणि नववी. दहावीला नको. मुलांची इच्छा असली तरी डिसेंबरनंतर पालक मुलांना सोडत नाहीत, आणि समोरचा वर्ग अर्ध्यावर लटकतो.

४. परदेशातली शाळा शोधायची कुठे?

युनेस्कोचं सहयोगी शाळांचं जाळं १९५३ पासून आहे, आयअर्न हे शिक्षकांचं जाळं १९८८ पासून. दोन्हींत भारतातल्या शाळा आहेत. युरोपातलं ई-ट्विनिंग हे शाळांचं ऑनलाइन जाळं चांगलं आहे, पण ते युरोप आणि त्याच्या शेजारच्या देशांपुरतं. तिथे नाव नोंदवायला जाऊन वेळ घालवू नका.

खरं सांगायचं तर आमच्या गटातल्या निम्म्याहून जास्त जोडण्या माजी विद्यार्थ्यांमुळे झाल्या. कुणी नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे, तिचा मुलगा तिथल्या शाळेत जातो, त्याच्या शिक्षिकेला एक मेल गेला. शाळेशी नव्हे, एका शिक्षकाशी जुळणं महत्त्वाचं. मुख्याध्यापकांच्या करारावर सह्या होतात, फोटो निघतात, पण वर्ग शिक्षकच चालवतो.

५. खर्च किती? ते पैसे पाठवणार म्हणतात, घ्यायचे का?

इंटरनेट, एक बरा स्पीकर आणि टपालाचा खर्च. विमानप्रवास गरजेचा नाही. (पाहुणेच येणार असतील तर प्रश्न १७ पाहा.)

पैशाला मात्र नम्रपणे नाही म्हणा. परदेशातून संस्थेच्या खात्यात देणगी घ्यायची तर परकीय अंशदान नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. रक्कम लहान आहे, "फक्त पुस्तकांसाठी" आहे, म्हणून सूट मिळत नाही. शिक्षकाने स्वतःच्या खात्यात घेणं तर त्याहून वाईट. शिवाय एकजण देणारा आणि दुसरा घेणारा झाला की बरोबरीचं नातं संपलं. त्यानंतर आपली मुलं आभाराची पत्रं लिहीत बसतात.

६. आमची मुलं मराठी माध्यमाची. इंग्रजी बोलायला घाबरतात.

म्हणूनच पहिली जोडणी इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा शाळेशी करू नका. जर्मन, डच, जपानी मुलांचंही इंग्रजी शिकलेलंच असतं, तीही अडखळतात. दोन्हीकडून अडखळणं असलं की भीती निम्मी होते.

आमची पद्धत अशी: मुलं आधी मराठीत लिहितात, गटात मोठ्याने वाचतात, मग भाषांतर यंत्रातून काढतात आणि दोघं जण ते तपासतात. तपासणं टाळू नका. आमच्या एका गटाने लिहिलं होतं, "आमच्या गल्लीत सकाळी सहाला पाणी सोडतात." यंत्राने ते "सकाळी सहाला पाण्याचा त्याग करतात" असं करून टाकलं. पलीकडून सहानुभूतीचं पत्र आलं. हा उपवास धार्मिक आहे की टंचाईमुळे, असं विचारलं होतं. तास हसण्यात गेला, पण शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, पण पाणी सोडतं कोण? आणि सहालाच का?" पुढचे दोन महिने त्या वर्गाने गंगापूर धरणापासून स्वतःच्या नळापर्यंतचा माग काढला, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याची मुलाखत घेतली. ठरवून दिलेल्या विषयातून एवढं काम कधी निघालं नव्हतं.

७. वेळ कशी जुळवायची?

जर्मनी-नेदरलँड्समध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड, उन्हाळ्यात साडेबारा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात. हे विसरून आम्ही एकदा मार्चअखेर दीड वाजता चाळीस मुलं संगणक कक्षात बसवली. तिकडची मुलं तासभर वाट पाहून गणिताच्या तासाला निघून गेली होती. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांना ही वेळ अवघड जाते, कारण सकाळचं सत्र सुटलेलं असतं. तिथे जपान बरा. तो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे आपले सकाळचे साडेआठ वाजता तिकडे बारा वाजतात.

सुट्ट्याही पाहा. आपली दिवाळी, त्यांचा नाताळ, त्यांचा जुलै-ऑगस्ट. जोडीने काम करायला वर्षात चार-पाच महिनेच खरे मिळतात.

८. विषय कोणता घ्यावा?

ज्याचं एक टोक तुमच्या गावात आणि दुसरं त्यांच्या गावात आहे असा मिळाला तर सोनं. निफाड तालुक्यातल्या एका वर्गाला तो आयता मिळाला: द्राक्षं.

डच मुलांनी सुपरमार्केटमध्ये जाऊन द्राक्षांच्या डब्यावरचं लेबल वाचलं, देश भारत. इकडच्या मुलाने कॅमेऱ्यासमोर वडिलांची फवारणीची वही धरली: तारीख, औषध, प्रमाण, काढणीआधी किती दिवस मारायचं नाही. डच मुलांना वाटलं हा गृहपाठ आहे. मग त्याने समजावलं की माल युरोपला पाठवायचा तर प्लॉटची नोंदणी लागते, नमुना प्रयोगशाळेत जातो, औषधाचा उरलेला अंश (रेसिड्यू) मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर तो माल युरोपला जात नाही. २०१० साली वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली होती. त्याच्या घरी त्या हंगामाची आठवण अजून काढतात.

इथून खरा प्रश्न सुरू झाला. ही मर्यादा ठरवतं कोण? युरोपीय संघ. तिथे डच माणूस मत देतो, निफाडचा देत नाही. "मग आमच्या बाजूने तिथे कोण बोलतं?" असं मुलाने विचारलं. दोन्ही वर्गांनी शोधलं. असे नियम बदलण्याआधी जागतिक व्यापार संघटनेत कळवावं लागतं आणि इतर देशांना हरकती नोंदवायला साधारण ६० दिवस मिळतात. डच मुलांची बाजूही पक्की होती: आमच्या लहान भावंडांच्या पोटात काय जातं हे ठरवायचा हक्क आम्हालाच हवा. कुणी जिंकलं नाही. मग एका मुलीने कांदा काढला. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली आणि मे २०२४ मध्ये उठली, तो निर्णय तर आपल्याच सरकारचा, तिथे आपलं मत होतं, मग आपल्याला विचारलं का? हा प्रश्न तिने डच मुलांना केलाच नव्हता, तो घरच्यांना होता.

शहरातल्या शाळांसाठी नाशिकच्या धरणांतून खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला सोडायचं पाणी हा असाच विषय आहे. समोरची शाळा मोठ्या नदीकाठची असेल तर वरचे-खालचे हा तंटा त्यांनाही लगेच कळतो.

९. शाळेत राजकारण नको. पालक तक्रार करतील.

करतात. म्हणून नियम आधी सांगा. जर्मनीत १९७६ साली बॉयटेल्सबाख या गावात राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांची बैठक झाली. तिथून निघालेली तीन तत्त्वं आम्ही वापरतो. शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादायचं नाही. जे समाजात वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि मुलाला त्यात स्वतःचं हित कुठे आहे ते ओळखता आलं पाहिजे.

२०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात वाद पेटला, तेव्हा हे कामी आलं. झाडं वाचवा म्हणणाऱ्यांचं आणि साधुग्राम हवंच म्हणणाऱ्यांचं, दोघांचं म्हणणं मुलांनी जमवलं. ज्याला जी बाजू पटत होती त्याला विरुद्ध बाजू मांडायला दिली. पक्षांची नावं घेतली गेली, ती टाळून शहराविषयी बोलताच येत नाही. पण वर्गात कुणी मतदानाचं आवाहन केलं नाही आणि मी माझं मत सांगितलं नाही. एका आजोबांनी फोन करून झापलं, दुसऱ्यांनी मुलाखत द्यायची तयारी दाखवली.

१०. परदेशी मुलांसमोर आपली लक्तरं कशाला? काळारामचा विषय टाळला तर?

टाळू नका. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह, त्यामागचे दादासाहेब गायकवाड, आणि १९३५ ची येवल्याची घोषणा हा नाशिकचा लोकशाहीला दिलेला वाटा आहे. ती लक्तरं कशी? हक्कासाठी वर्षानुवर्षं उन्हात उभं राहिलेली माणसं आहेत ती.

आणि समोरचेही लपवत नाहीत. जर्मन मुलांनी आम्हाला फुटपाथमध्ये बसवलेले पितळी दगड दाखवले, तळहाताएवढे. नाझींनी ज्यांना घरातून नेलं त्यांची नावं त्यांच्याच दारासमोर. तिकडच्या मुलाने कॉल चालू असताना फडक्याने एक घासून दाखवला. त्यानंतर आमच्याकडचा एक मुलगा, जो सहसा बोलत नाही, म्हणाला, "माझ्या पणजोबांना त्या देवळाबाहेर उभं केलं होतं." वर्गाला हे माहीत नव्हतं. एक सावधगिरी घ्या: कोणत्याही मुलाला त्याच्या जातीचा प्रवक्ता करू नका. त्याला बोलावंसं वाटलं तरच.

११. मुलांनी वर्गात निवडणूक मागितली. द्यावी का? गोंधळ होईल ना?

होईल. (मागणी का आली ते प्रश्न २ मध्ये.) आमच्याकडे तीन उमेदवार होते, तीन मुलांचा निवडणूक आयोग, आणि मुलांच्याच आग्रहाने "वरीलपैकी कुणीही नाही" (नोटा) हा पर्याय. मतदानाच्या आदल्या दिवशी एका उमेदवाराने गेटबाहेर वडापाव वाटले. आयोगाने नोटीस काढली, तोवर वडापाव संपले होते. निकाल: हजर ४१, उमेदवारांना १२, ९ आणि ४, नोटाला १६.

आता काय? मुलं शोधून आली. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी पहिला उमेदवारच निवडून येतो. पण महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आदेश काढला आहे, नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. आमचा वर्ग दिल्लीपेक्षा ग्रामपंचायतीच्या जवळचा, असा युक्तिवाद जिंकला आणि फेरनिवडणूक झाली. वडापाववाला दुसरा आला. माझा मोठ्या आवाजाचा मॉनिटर उभाच राहिला नाही.

१२. मतदानाचं वय नाही, मग मुलं करणार काय?

हा प्रश्न मुलंच जास्त विचारतात, विशेषतः ऑस्ट्रियात २००७ पासून सोळाव्या वर्षी मत देता येतं हे कळल्यावर. जर्मनीतही २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत सोळा वर्षांच्या मुलांनी मत दिलं. आपल्याकडे एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये एकवीसचं अठरा झालं, त्याआधी त्यांच्या आजीआजोबांनाही थांबावं लागलं होतं, हे सांगा.

माहितीचा अधिकार कायदा, २००५ मध्ये मात्र शब्द "नागरिक" आहे, वयाची अट नाही. महाराष्ट्रात अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांची मर्यादा, उत्तराला तीस दिवस. दीडशे शब्दांत नेमका प्रश्न मांडणं हा मराठीच्या तासाचाही उत्तम व्यायाम आहे. पालकांचीही सही घ्या म्हणजे खिडकीवर वाद होत नाही.

१३. याने मुलं उद्धट होतात का?

थोडी होतात. एका वडिलांचा फोन आला की मुलगी दिवाळीत गावी जायचं की नाही यावर घरात मतदान मागतेय. मी विचारलं, मग? म्हणाले, "हरलो." संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतल्या बाराव्या कलमात (भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली) मुलाचं म्हणणं ऐकून वयानुसार त्याला वजन द्यावं, एवढंच आहे. अंतिम शब्द मुलाचाच असं कुठेही म्हटलेलं नाही. हे कलम मुलांनाही पूर्ण वाचून दाखवा.

१४. फोटो, व्हिडिओ, मोबाइल नंबर?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अठराखालचं प्रत्येक जण मूलच आहे आणि पालकांची संमती लागते. लेखी घ्या, मराठीत घ्या, कशासाठी आणि कुठवर ते लिहून. वैयक्तिक नंबरांची देवाणघेवाण बंद, सगळं शिक्षकाच्या खात्यावरून. मुलं तरीही इन्स्टाग्रामवर एकमेकांना शोधतात. ते थांबवता येत नाही, म्हणून त्याविषयी वर्गात उघड बोला.

१५. त्यांनी पाठवलेल्या नकाशात काश्मीर वेगळंच दाखवलंय. भिंतीवर लावायचा का?

लावू नका, शाळेच्या पानावर टाकू तर मुळीच नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. समोरच्या शिक्षकांना पहिल्याच महिन्यात हे कळवा. ते वाईट हेतूने पाठवत नाहीत, त्यांच्या पुस्तकात तोच छापलेला असतो. दोन देशांच्या पुस्तकांत एकच सीमा वेगळी का, ही चर्चा तोंडी खुशाल होऊ द्या.

१६. समोरच्या देशात उघड बोलणं धोक्याचं असेल तर?

मग मत विचारू नका, रोजचं विचारा. त्या मुलांनी काय लिहिलं ते तिथे कोण वाचतंय हे आपल्याला इथून दिसत नाही. नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरच्या बंदीनंतर तरुण रस्त्यावर आले, माणसं मेली, पंतप्रधानांनी राजीनामा दिला. अशा आठवड्यात आपली मुलं उत्साहाने "तुम्ही मोर्चात गेलात का?" असं लिहायला निघतात. ते पत्र थांबवून "सगळे सुखरूप ना?" एवढंच पाठवावं. बाकीचं ते स्वतःहून सांगतील तेव्हा.

१७. पाहुणी मुलं घरी मुक्कामाला आली तर?

परदेशी व्यक्ती घरी उतरली की २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात. हॉटेलइतकंच ते घरालाही लागू आहे. मुलांच्या सुरक्षेच्या अटी दोन्ही शाळांनी आधी लिहून घ्याव्यात.

१८. गुण मिळतात का? उपयोग मोजायचा कसा?

गुण नाहीत. युरोप परिषदेने लोकशाही संस्कृतीसाठी लागणाऱ्या २० क्षमतांची चौकट केली आहे. भारत त्या परिषदेत नाही, पण यादी वाचायला हरकत नाही. आठवीच्या मुलांच्या नागरिकशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात (२००९, २०१६, २०२२) एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: ज्या वर्गात मोकळी चर्चा होते तिथल्या मुलांचं नागरिकशास्त्राचं ज्ञानही साधारणतः जास्त असतं.

मी स्वतः एका वहीत रेघा मारते. तासात मी किती प्रश्न विचारले, मुलांनी किती. जूनमध्ये माझ्या रेघा भरपूर, त्यांच्या दोन-तीन. फेब्रुवारीत बरोबरी झाली तर वर्ष चांगलं गेलं. तीन वर्षांत एकदाच झालीय.

१९. समोरची शाळा अचानक गप्प झाली. आता?

दोन मेल, पंधरा दिवस, मग एक फोन. बहुतेक वेळा शिक्षक बदललेला असतो. मुलांना खरं सांगा आणि तुमच्या बाजूचं काम पूर्ण करून तरीही पाठवून द्या. नवा वर्ग शोधलात तर पहिलं पत्र नव्या मुलांकडून नव्याने लिहून घ्या. आम्ही एकदा जुनंच नाव बदलून पाठवलं होतं. पलीकडून उत्तर आलं की छान आहे, पण तुमच्या पत्रात गेल्या वर्षीची तारीख आहे.